हौद्यात मिटलेले भांडण

नाथाजींनी फौजेत बावीस वर्षे काढली आणि विद्यापीठाच्या दरवाज्यावर नऊ. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात ते जन्मले, तिथे घरटी एक माणूस लष्करात असतो आणि लष्करात जाण्याआधी तो गावच्या तालमीत असतो. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते सुरक्षारक्षकांच्या एका एजन्सीमार्फत सांगली जिल्ह्यातल्या या आवारात आले. चारेक हजार विद्यार्थी, तीन वसतिगृहे, तिन्ही बाजूंना ऊस. सकाळी दरवाजा उघडणे, गाड्यांची नोंद करणे, संध्याकाळी झाडाखाली बसलेल्या जोड्यांना खोकून सावध करणे, असे त्यांचे काम होते. या कामात नसलेले एक काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. जिमखान्याच्या मागे पत्र्याच्या खोलीत कुस्तीचा जुना हौदा होता. मुले यंत्रांच्या व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून त्यात कोणी उतरत नसे. तरी नाथाजी आठवड्यातून दोनदा तिथली तांबडी माती उकरत, तिच्यात तेल, ताक, हळद घालत आणि हाताने ढेकळे फोडत. कोणासाठी, असे कोणी विचारले तर म्हणत, "माती निबर हुती वं. मग पडणाऱ्याला लागतं."

या माणसाने केलेली चूक समजून घ्यायची, तर त्याचा या मातीवरचा विश्वास आधी ध्यानात घ्यावा लागतो. त्याच्या गावात दोन तरुणांचे भांडण रक्तापर्यंत गेले की वडीलधारे त्यांना हौद्यात उतरवत. पाठ लागली की निकाल. नंतर दोघांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकायची, मिठी मारायची, आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. जो काढील त्याची अब्रू जाई. पोलीस लागत नसत, वकील लागत नसत. ही पद्धत कशाच्या आधारावर उभी आहे, हा प्रश्न नाथाजींना कधी पडला नव्हता. पडलेल्या माणसाला पुन्हा त्याच गावात, त्याच चार डोळ्यांसमोर जगायचे असते आणि ते चार डोळे त्याची लाज राखतात, हा तो आधार होता.

मार्चमधल्या एका सकाळी दोन नंबरच्या वसतिगृहाच्या न्हाणीघरातून आरडाओरडा ऐकू आला. भांडण नळाचे होते. विश्वजित दुष्काळी आटपाडी तालुक्यातला, मेंढरे राखणाऱ्या घरातला, भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला. वाहता नळ दिसला की तो बंद केल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे. रिकाम्या न्हाणीघरांतही तो एकेक दार ढकलून पाहत जाई. मुलांनी त्याचे नाव टँकर ठेवले होते. त्या सकाळी जयराज नळ सोडून अंगाला साबण लावत उभा होता. नदीकाठच्या बागायतदाराचा मुलगा, वाणिज्य शाखेतला, वसतिगृहातला पुढारी. विश्वजितने हात लांबवून नळ फिरवला.

"आला रं टँकर! नंबर लावा, घागरी आणा!" जयराज ओरडला आणि त्याने नळ पुन्हा सोडला.

"साबण लावून झाला की सोड की. कोण नगं म्हणतंय?"

"तुज्या बापाचं पाणी हाय का?"

"कुणाच्याच बापाचं न्हाई, म्हणून तर बंद करतूय."

भोवतीची मुले हसली. ते हसणे जयराजच्या बाजूचे नव्हते, आणि ते त्याला कळले. त्याने विश्वजितची मानगूट धरली आणि त्याचे कपाळ नळाच्या पितळी तोटीवर आपटले. एकदा, मग पुन्हा. भुवईवरची कातडी फाटली. विश्वजितने खाली वाकून त्याचे दोन्ही पाय ओढले. जयराज साबणाच्या फरशीवर पाठीवर पडला आणि मग दोन्हीकडची पोरे एकमेकांवर तुटून पडली. लोखंडी बादली कोणाच्या तरी दातांवर बसली. नाथाजी पोचले तेव्हा मोरीतून वाहणारे पाणी तांबडे झाले होते आणि नळ अजून चालूच होता. त्यांनी दारावर काठी आपटली. फौजेतल्या आवाजात एकच शब्द उच्चारला: "सावधान!" आणि आश्चर्य असे की पोरे थांबली.

वसतिगृहप्रमुख पोलिसांना कळवायला निघाले होते. नाथाजींनी त्यांना अडवले.

"सायेब, गुन्हा दाखल झाला की पडताळणीत नाव आलं. ह्यो विश्वजित पोलीस भरतीचं मैदान मारून आलाय, निस्ता लेखी पेपर ऱ्हायलाय. त्या जयराजनंबी फॉर्म भरलाय. दोन पोरांचं वाटुळं हुईल."

"मग तुम्ही काय करणार?"

"मिटवतू."

"कसं ते मला सांगू नका," साहेब म्हणाले, "आणि माझ्या कानावर काही येऊ देऊ नका." जबाबदारीतून सुटण्याचे असे वाक्य प्रत्येक संस्थेत कोणी ना कोणी तयार ठेवलेले असते.

विश्वजितच्या भुवईला सहा टाके पडले. टाके घालून तो दरवाज्यावरच्या चौकीत आला, तेव्हा नाथाजींनी त्याच्याकडे नीट पाहिले. त्याचा डावा कान वरून चेपलेला होता, आतली वाटी मांसाने भरून आली होती. हा कान मातीत वर्षानुवर्षे डोके घासल्याशिवाय होत नाही. हे ओळखणारा आवारात एकच माणूस होता. मुलाने कुस्तीचा विषय कधी कोणाकडे काढला नव्हता. वडील गेल्यावर मेंढरे आणि घर त्याच्या आईवर, सुलाबाईवर आले, तालीम सुटली. जयराजची छाती यंत्रांवर भरलेली होती, पण हौद्यात त्याचा पाय कधी पडला नव्हता. या दोन मुलांना मातीत उतरवले तर काय होईल, हे नाथाजींना त्या क्षणीच ठाऊक झाले.

"ऐतवारी सकाळी सातला हौद्यावर या," त्यांनी दोघांना सांगितले. "पाठ लागली की विषय संपला."

जयराज हसला. "ह्याच्यासंगं? काका, आवं ह्यो मोडंल की."

विश्वजित म्हणाला, "काका, मला नगं. मला जर्नल पुरं करायचं हाय. आन् माझं काय भांडाण न्हाई. मी नळ बंद केला यवढंच."

"पाच मिनटाचं काम हाय रं गड्या. का भ्यालास?"

एका तरुणाला चारचौघांत हा प्रश्न विचारला की त्याला उत्तर उरत नाही. विश्वजित गप्प राहिला. नाथाजींनी ते गप्प राहणे होकार म्हणून घेतले.

रविवारी हौद्याभोवती दहा-बारा मुले होती. दोघांनी माती कपाळाला लावली. जयराजने पहिल्याच झोंबीत मानेवर थाप मारण्याच्या निमित्ताने अंगठा विश्वजितच्या टाक्यांत घातला आणि दाबला. टाके उसवले, डोळ्यात रक्त उतरले. विश्वजितने ते पुसलेही नाही. त्याने जयराजचा हात बगलेत धरला, कंबर फिरवली आणि एवढे मोठे शरीर हवेतून आणून मातीत घातले. बघणाऱ्यांच्या पायांखाली जमीन हादरली. अकरा सेकंद लागले होते.

दोन्ही खांदे मातीला टेकले होते. शिट्टी नाथाजींच्या ओठांत होती. विश्वजितचा गुडघा जयराजच्या छातीवर होता, भुवईतून ठिबकणारे रक्त जयराजच्या तोंडावर पडत होते आणि तो खाली धडपडत होता. नाथाजींनी शिट्टी वाजवायला उशीर केला. किती, ते त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. त्या वेळात त्यांना बरे वाटत होते. ते अल्पभूधारक घरातले होते. मोठ्या बागायतदारांची पोरे हौद्यात उतरली की त्यांना पाडायचे नसते, जोड बरोबरीत सोडवायची असते, हे त्यांना लहानपणी शिकवले गेले होते. चाळीस वर्षांनी त्यांनी ते फेडून घेतले, आणि दुसऱ्याच्या पोराच्या अंगाने फेडून घेतले.

मग शिट्टी वाजली. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर माती टाकली, मिठी मारली. "मिटलं?" नाथाजींनी विचारले. "मिटलं," दोघे म्हणाले. त्या क्षणी ते कदाचित खरेही होते.

जाळीच्या खिडकीतून कोणीतरी मोबाईलवर सगळे घेतले होते. दुपारपर्यंत ते अकरा सेकंद आणि पुढचे शिट्टीपर्यंतचे दृश्य गाण्यासह फिरू लागले. वर अक्षरे होती: "ऊस आडवा!" जयराज हवेतून येऊन मातीत पडे, गुडघ्याखाली धडपडे, आणि लगेच उठून पुन्हा हवेतून येऊन पडे, ज्याला जितक्या वेळा हवे तितक्या वेळा. संध्याकाळी ते त्याच्या गावात पोचले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी पाहिले. मावसभावाने फोन करून विचारले, "काय रं, पाठ धुतली का न्हाई अजून?" वडील नानासो साखर कारखान्याच्या राजकारणातले. ते फोनवर एवढेच म्हणाले, "घरला येऊ नगंस." ज्या लाजेला हौद्याच्या चार भिंतींत मुरायचे होते, तिला आता भिंतच उरली नव्हती. नाथाजींना यातले काही माहीत नव्हते. त्यांचा मोबाईल बटणांचा होता.

बुधवारी दुपारी चार वाजता दोन मोटारसायकली दरवाज्यावर आल्या. पुढच्या गाडीवर जयराज होता, मागे बसलेल्याच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेले काहीतरी लांब. आवारात येणारे प्रत्येक पोते, प्रत्येक पिशवी उघडून पाहायची, असा लेखी आदेश चौकीच्या भिंतीवर लावलेला होता. नाथाजी उठले. जयराजने कडक सलाम ठोकला.

"जय हिंद, हवालदारकाका!"

"जय हिंद. काय रं, मिटलं न्हवं आता?"

"मिटलं की."

त्यांनी पोते उघडले नाही. मातीत मिठी मारलेल्या माणसाचे पोते उघडायचे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवायचा. त्यांनी साखळी सोडली.

विश्वजित ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरत होता. हातात जर्नल होते. मोटारसायकलवरून उतरलेल्यांपैकी एकाचा लोखंडी गज पाठीत बसला आणि तो पायरीवर गुडघ्यांवर आला. पोत्यातून ऊसतोडीचा कोयता निघाला. कोयता जयराजच्या हातात होता आणि वार डोक्याच्या रोखाने आला. विश्वजितने उजवा हात वर घेतला. दोन बोटे आणि तळहाताची कड पायरीवर पडली. बोटे पडलेली पाहून जयराज क्षणभर थांबला. ज्यांनी ते पाहिले ते सगळे या थांबण्याविषयी बोलतात. पण सोबतचा ओरडला, "बघतूस काय!" आणि दुसरा वार खांद्यात बसला. मुली किंचाळत आत पळाल्या. ग्रंथपालाने दार लावून घेतले. विश्वजित सरपटत त्या दारापर्यंत गेला आणि डाव्या हाताने काच वाजवत राहिला. काच तांबडी होत गेली. दार उघडले नाही.

मग वसतिगृहाकडून आटपाडी-जतची पोरे आली. त्यांच्या हातांत लोखंडी खाटांच्या पट्ट्या होत्या, दगड होते. एक मोटारसायकल निसटली. जयराजची चालू होईना. त्याला गाडीसकट पाडले गेले. आता जे चालले त्याला मारामारी म्हणता येणार नाही. एक देह जमिनीवर होता आणि पंधरा माणसे त्याच्यावर काम करत होती. कोणीतरी त्याचा जबडा टाचेखाली घेतला. कोणीतरी पट्टीची धार त्याच्या नडगीवर उभी मारली, आणि हाड मोडल्याचा आवाज दूरच्या झाडाखालीही ऐकू गेला. "टँकर म्हण, टँकर म्हण आता!" एक मुलगा रडत ओरडत होता आणि मारत होता.

नाथाजी दरवाज्यापासून धावत आले होते. काठी त्यांनी वाटेतच टाकून दिली होती. ते जयराजच्या अंगावर पालथे पडले.

"काका, बाजूला व्हा! तुमालाबी लागंल!"

"लागू दे. म्या उठणार न्हाई."

तीन तडाखे त्यांच्यावर बसले. तिसऱ्याने गळपट्टीचे हाड तुटले. त्यानंतर हात थांबले. कोणाला दया आली म्हणून ते थांबले नाहीत. खाली कोण आहे, ते उशिरा दिसले म्हणून थांबले.

सांगलीतल्या एका रुग्णालयात तिघेही एकाच मजल्यावर होते. तिसऱ्या दिवशी नानासो नाथाजींच्या खाटेपाशी येऊन बसले. पांढरे कपडे, खाली गेलेला आवाज.

"हवालदार, तुमी माझं पोरगं वाचवलंसा. तुमचं उपकार मी जन्मात इसरणार न्हाई."

नाथाजींनी बांधलेला हात सावरला.

"आता येकच करा. चौकशीत म्हणा, अचानक जुंपली. दोन्हीकडं हत्यारं हुती. मंजे दोघांवरबी सारखाच गुन्हा, आन् सारख्याला सारखं मिटतंय. कुस्तीचं काय बोलूच नगा. त्यात तुमचीच नोकरी जाती."

"पोराच्या हातात जर्नल हुतं, नानासो."

"त्याची बोटं गेली वं, भरती काय हुणार हाय आता त्याची? गुन्हा लागला काय आन् न्हाई लागला काय. माझ्या पोराचं आयुष्य ऱ्हायलंय अजून."

हे वाक्य बोलणारा माणूस दुष्ट नव्हता; मोडलेल्या पायाच्या मुलाचा बाप होता. परंतु एखाद्याचे नुकसान आधीच झाले आहे, म्हणून त्याचे आणखी नुकसान करायला हरकत नाही, हा हिशेब आपल्या समाजात किती सहजपणे मांडला जातो, याचा तो नमुना होता.

दुपारी नाथाजी गळ्यात हात बांधून विश्वजितच्या खाटेकडे गेले. सुलाबाई खाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या मेंढरे बहिणीच्या हवाली करून, अंगावरच्या लुगड्यानिशी पहिल्या गाडीने आल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"दादा, तुमी तितं दारावर असतासा म्हणं. मला येक सांगा. माझ्या पोरानं केलं तरी काय?"

"काय न्हाई केलं, बाई. नळ बंद केला."

"त्यो तर ल्हानपनापासनं करतूय," त्या म्हणाल्या. त्यांना ते उत्तर पुरेसे वाटले नाही. त्या आणखी काही ऐकायला थांबल्या होत्या.

विश्वजित छताकडे बघत होता. "काका, तुमी माझा कान बघितला हुता का, कुस्ती लावायच्या आधी?"

"व्हय."

"मंजे तुमास्नी ठावं हुतं, कोण पडणार ते."

"व्हय."

"आन् मी नगं म्हणलो हुतो."

नाथाजींनी खाटेची दांडी धरली.

"जयराजला पाडायचं तुमच्या मनात हुतं," विश्वजित म्हणाला. "मग तुमी उतरायचं हुतं की हौद्यात. मला कशापायी उतरीवलं?"

मुलाने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने तोंड भिंतीकडे वळवले.

चौकशी समितीत तीन जण होते. प्रश्न विचारण्याचे काम समाजकार्य विभागाच्या डॉ. संयोगिता यांच्याकडे होते. समितीला काय सोयीचे आहे, ते सगळ्यांना माहीत होते: अचानक झालेली चकमक, दोन गट, दोन्हींवर कारवाई, संस्थेचा दोष नाही. वसतिगृहप्रमुखांनी आपल्या जबाबात कुस्ती झाल्याचे आपल्याला माहीतच नव्हते, असे सांगून टाकले होते. नाथाजी उभे राहूनच बोलले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"विश्वजितच्या हातात जर्नल हुतं. दुसरं काय नव्हतं. कोयता जयराजनं पोत्यातनं आणला. ते पोतं म्या उघाडलं न्हाई. आदेश भित्तीवर हुता, म्या उघाडलं न्हाई."

"का नाही उघडलंत?"

"मला वाटलं, मिटलंय."

"कुस्ती कोणी लावली?"

"म्या."

"वसतिगृहप्रमुखांनी सांगितलं होतं?"

"त्यांनी इचारलं न्हाई. इचारायचं न्हाई आसं त्यांनी ठरीवलं हुतं. पर कुस्ती माझी."

दुसरे सदस्य म्हणाले, "एवढं पुरे आहे."

"पुरं न्हाई, सायेब. विश्वजित नगं म्हणाला हुता, म्या त्याला भित्रा ठरीवला. त्याचा कान बघून मला ठावं हुतं, त्योच जिकणार. जयराजची पाठ लागली तवा शिट्टी माझ्या तोंडात हुती. म्या सातपर्यंत मोजलं आन् मग वाजीवली. मोबाईलवर जे फिरलं, त्यात ते सातबी हायती."

संयोगिताबाईंनी पेन थांबवले. "नाथाजी, हे मी विचारलेलं नाही. हे लिहिलं तर नोकरी तर जाईलच, पण पोलीस तुम्हालाही सोडणार नाहीत. लिहू का?"

"लिवा. त्या पोरानं मला इचारलंय. त्याला तितं उत्तर देता आलं न्हाई."

त्यांनी जबाबाच्या चारही पानांवर सही केली. शिट्टी, काठी, बिल्ला आणि चौकीची किल्ली टेबलावर ठेवली. हौद्याची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. हौद्याला कधी कुलूपच नव्हते. आता आहे.

पुढच्या गोष्टी कागदावर उतरल्या त्या अशा. जयराज आणि त्याच्या साथीदारांवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदला गेला. जयराज अजून लंगडत तारखांना जातो. पट्ट्या घेऊन आलेल्यांपैकी सहा जण आरोपी झाले. निष्काळजीपणासाठी नाथाजींचेही नाव आरोपींच्या यादीत, शेवटचे, आहे. विश्वजितचे नाव फिर्यादी म्हणून आहे, आणि दुसरीकडे कुठेही नाही. वसतिगृहप्रमुखांची बदली झाली. पदोन्नतीवर.

नाथाजी गावी परतले. तालमीत त्यांना पंच म्हणून बोलावणे आले, ते गेले नाहीत.

वर्षभराने, एका दुपारी, सुलाबाईंचा फोन आला. आवाज मोठा होता, लांबून बोलत असल्यासारखा.

"दादा, विश्वजितची पडताळणी झाली बघा. तालुक्याच्या हापिसात क्लार्कची जागा हाय, डाव्या हातानं ल्हितूय आता. पोलिसानं कागद दिला, नावावर कायबी न्हाई म्हणून. म्हणलं, तुमास्नी सांगावं."

"लय बरं झालं, बाई." नाथाजी उठून उभे राहिले होते. "जरा त्याच्याकडं फोन देतासा?"



"त्यो रानात गेलाय वं," सुलाबाई म्हणाल्या.

त्यांच्या मागून, अंगणातून, घरातल्या पोरीला हाक मारणारा एक आवाज अगदी स्पष्ट आला. "प्रांजल, ए प्रांजल! घागर भरून वाहायला लागली की. नळ बंद कर आधी."

नाथाजींनी तो ओळखला.

"बरं, बाई," ते म्हणाले. "रानातनं आल्यावर त्याला सांगू नगा, म्या मागितला हुता म्हणून." आणि पलीकडचा नळ बंद झाल्याचे ऐकू येईपर्यंत त्यांनी फोन कानाशी धरून ठेवला.